सदतिसाव्या पानावरचा शिक्का

मंगळवार, ४ मार्च २०२५. दुपारी ४ वाजून १० मिनिटं.

याच वेळेला ग्रंथपालबाईंनी माझं पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं. वेळ लिहून ठेवते, कारण उद्या कुणी म्हणेल, ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली होती, म्हातारी उगाच अडून बसली. भिंतीवरचं घड्याळ मी स्वतः पाहिलंय.

झालं ते असं. ताईच्या जुन्या ट्रंकेत एक इंग्रजी कादंबरी सापडली होती. जगभर गाजलेली – महायुद्ध संपलं तरी आपल्या देशात न परतलेल्या, परक्या गावात नुसत्या पडून राहिलेल्या माणसांची. तिची शिवण सुटली होती, पानं हातात यायची. पहिली दोन तर मला सापडली तेव्हापासूनच नाहीत. ग्रंथालयाचा बाइंडर बाहेरची कामंही घेतो म्हणून गेल्या आठवड्यात त्याच्याकडे दिली. आज आणायला गेले, तर त्याने वर न बघता सांगितलं, "बाईंना भेटा."

बाईंनी सुटं पान समोर धरलं. सदतीस. शिवणीच्या आत, जिथे दोरा जातो तिथे, वाटाण्याएवढा जांभळा शिक्का. याच ग्रंथालयाचा!

"प्रत्येक पुस्तकाच्या सदतिसाव्या पानावर आत असतो, आजी. शिवण उसवल्याशिवाय दिसत नाही. बाइंडरच्या टेबलावर आलेलं पुस्तक आधी तिथेच तपासायचं, ही आमची जुनी पद्धत."

म्हणजे मी चोरीचा माल माझ्या पायांनी चालत नेऊन मालकाच्याच हातात दिला! वर बांधून द्या म्हणून सांगून आले. आणि आजी कुणाची? माझ्या नातवंडांनाही मला विचारल्याशिवाय आजी म्हणायची मुभा नाही.

पुस्तक जातंय याचं एवढं नाही. पण बाई सहज म्हणाल्या, "आता पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, कडा कापायच्या आणि कपाटात लावायचं. नियम आहे."

त्या खुणा ताईच्या आहेत. त्या खोडल्या तर माझ्याकडे तिचं काही उरत नाही.


बुधवार, ५ मार्च

रात्रभर तळमळले. सकाळी अर्ज लिहून देऊन आले. दोन पानी, शुद्ध, समासासकट. बँकेत एकतीस वर्षं लोकांच्या सह्या जुळवण्यात गेली, अर्ज कसा लिहावा ते मला कुणी शिकवू नये.

सून म्हणाली, "आई, ते पुस्तक मी ऑनलाइन मागवते. नवं कोरं, उद्या दारात."

नवं कोरं! हिला काय सांगायचं? ताई चोविसाव्या वर्षी नर्स म्हणून परदेशी गेली. दोन वर्षांसाठी. छप्पन्न झाली. आई आजारी होती तेव्हा आली नाही, आई गेली तेव्हाही आली नाही. तिला मी तेव्हा जे लिहिलं ते लिहिलं. पुढे आम्ही फक्त वाढदिवसाला फोन करतो – कशी आहेस, बरी आहे, पाऊस आहे का, आहे. ती ऐंशीची, मी बहात्तरची. दोन भिंती बोलाव्यात तशा.

मग गेल्या महिन्यात ही कादंबरी सापडली. आणि कडेने बारीक पेन्सिलीत मराठी टिपा. एकटं पडलेल्या बाईने लिहाव्यात तशा. मला पहिल्यांदा वाटलं, हिलाही काही वाटत होतं तर! चाळीस वर्षांचा राग असा हातातून निसटायला लागला. अजून पूर्ण सुटलेला नाही. म्हणून तर ते पुस्तक हवंय. राग सोडायलासुद्धा पुरावा लागतो मला. सवय.


शुक्रवार, ७ मार्च

ग्रंथालयाकडून उत्तर: "अर्ज समितीपुढे सतरा तारखेला ठेवू. तोवर खुणांना हात लावणार नाही. वाचायचं असल्यास इथेच बसून." उपकार!


शनिवार, ८ मार्च

वाचनकक्षात बसले. खिडकीजवळचं टेबल, शेजारी दोन म्हातारे वर्तमानपत्रावर मान टाकून झोपलेले. ग्रंथपालबाईंनी सुटी पानं नाडीच्या फाइलीत आणून दिली, जणू न्यायालयातला दस्तऐवज. चष्म्याची साखळी हलवत म्हणाल्या, "पेन नको हं. पेन्सिलही नको." मी म्हटलं, "नखंही काढून ठेवू का?"

त्या हसल्या. हसायला नको होतं. राग धरायला त्रास होतो.

कादंबरी परत पहिल्यापासून. समुद्राकाठचं एक भाड्याच्या खोल्यांचं घर. एक हात गेलेला माजी सैनिक घड्याळं दुरुस्त करतो. एक कवी कविता सोडून सगळं करतो. आणि ती बाई – प्रत्येक प्रकरणात ट्रंक भरते, उद्या निघते म्हणते, रात्री सगळी पितात, सकाळी ती ट्रंक रिकामी करते. युद्ध संपलंय, घरं शाबूत आहेत, आगबोटी चालू आहेत. मग जात का नाहीत? पहिल्यांदा वाचली तेव्हा मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आज नाही वाटली. का ते कळलं नाही.

ताईच्या टिपा:
"एवढं पितात, जेवतात कधी?"
"हिला घरून कुणी बोलवत नाही का?"
"हात गेला पण बोट दाखवायची सवय गेली नाही."

ताई अशी कधी बोलत नसे. तिचे विनोद कोरडे असायचे, डॉक्टरी. परदेशात माणूस बदलतो, म्हणतात.

आणखी एक गोष्ट समजत नाही. टिपांच्या मध्ये शब्दांचे अर्थ लिहिलेत. तेही कसले? खिडकीची चौकट. रुमाल. उधार. ताईला कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीचं पदक होतं, सिस्टर तिला वर्गापुढे उभी करून वाचायला लावायच्या. तिला रुमालाचा अर्थ लिहायची काय गरज?

अक्षरही वाकडंतिकडं. पण ते असायचंच. आम्हा कॉन्व्हेंटच्या मुलींचं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.


रविवार, ९ मार्च

ताईला फोन केला. वाढदिवस नसताना! पहिलं वाक्य तिचं, "कोण गेलं?"

कुणी गेलं नाही म्हटलं. पुस्तकाचं सांगितलं. खुणांचं सांगितलं. जरा मऊ आवाजात सांगितलं, मला जमतं तेवढ्या.

"मिरचे, मी कुठे खुणा केल्या? माझी प्रत इथे कपाटात आहे. मी ती कादंबरी इथे आल्यावर वाचली. तुम्हाला पत्रात लिहिलं होतं की."

मी म्हटलं, तुझ्या ट्रंकेत होती. ती म्हणाली, ट्रंक मी रिकामी ठेवून गेले. मी म्हटलं, वय झालं की विसरतं माणूस. ती म्हणाली, "तुझं झालं असेल."

आणि मग विषय भरकटत जिथे जायचा तिथेच गेला. आईवर. मी म्हटलं, आई वाट बघत गेली. नेहमीचं वाक्य. ती नेहमी गप्प बसते. आज म्हणाली –

"मला कुणी ये म्हटलंच नाही गं."

आमंत्रणपत्रिका हवी होती वाटतं! अक्षता देऊन! फोन ठेवला.


मंगळवार, ११ मार्च

बाइंडरशी बोलले. तो ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसतो, खळीचं भांडं, दाभण, दोऱ्याची रिळं. माणूस कमी बोलतो पण बोटं बोलतात. त्याने एक पान उजेडात धरलं.

"बाई, हे एकदा बसून लिहिलेलं नाही. पेन्सिली बघा, किती बदलल्यात. इथे टोक बोथट, इथे नवी. आणि दाबून किती लिहिलंय! मागच्या पानावर उठलंय. लिहायची सवय नसलेलं माणूस असं दाबतं. माझी मुलगी पहिलीत असताना अशीच पाटी फोडायची."

मी म्हटलं, माझ्या बहिणीला सुवर्णपदक होतं.

"असेल," म्हणाला. आणि दोऱ्याला मेण लावायला लागला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. डोक्यात नुसता गोंधळ. एकतीस वर्षं मी लोकांना सांगितलं, ही सही तुमची नाही. आज एका बाइंडरने मला सांगितलं.


बुधवार, १२ मार्च

गेले नाही. पाय दुखतात असं सुनेला सांगितलं. पाय ठीक आहेत.


गुरुवार, १३ मार्च

ग्रंथपालबाईंचा फोन. "या. जुनं देवघेव रजिस्टर सापडलं. पुस्तक कुणाच्या नावावर गेलं होतं ते कळेल."

मला वाटलं ताई. मग वाटलं, ताईने तर ती परदेशी गेल्यावर वाचली, मग माझे वडील? ते वर्तमानपत्रापलीकडे वाचत नसत. चालता चालता माझ्यावरच संशय आला. म्हटलं, मीच नेलं असेल आणि विसरले. वय झालं की विसरतं माणूस.

रजिस्टर म्हणजे लाल कापडाच्या पुठ्ठ्याचा ढीग, कडा वाळवीने खाल्लेल्या. बाईंनी पट्टी धरून ओळ दाखवली. साल १९७८. पुस्तकाचा क्रमांक. शेवटच्या रकान्यात सही.

मला नाव वाचावं लागलं नाही. पहिलं अक्षर भलं मोठं, मग बाकीची एकमेकींना धरून चालल्यासारखी, आणि शेवटी खाली एक रेघ, दोनदा ओढलेली. ही सही मी माझ्या प्रगतिपुस्तकावर पाहिलीय. वडील बाहेरगावी असले की.

आई.

आईला सहीपुरतं येत होतं. म्हणजे आम्ही असंच समजत होतो. पहिलीतच शाळा सुटलेली. इंग्रजीचं एक अक्षर नाही. आणि ही कादंबरी!

"तुमच्या आई का?" बाई म्हणाल्या. "सहा वेळा मुदत वाढवून घेतलीय बघा. दर वेळी स्वतः येऊन. सातव्यांदा आल्याच नाहीत."

सहा सह्या. एकाखाली एक. पहिलीपेक्षा सहावी सरळ होती.


गुरुवारीच, नंतर

जेवले नाही. सून दोनदा दारात येऊन गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "आई, भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा, पण असं बसू नका." मी म्हटलं, उद्या. ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. तेव्हा कुठे गेली.

"एवढं पितात, जेवतात कधी?" – हे आईशिवाय जगात कोण विचारणार होतं! आणि मी म्हणे सह्या ओळखते.


शनिवार, १५ मार्च

आठवतंय ते लिहिते. ताईचं पत्र आलं की मी आईला वाचून दाखवायची. ओट्याशी उभं राहून, घाईघाईने, कारण माझी बँकेची वेळ. एका पत्रात तिने या कादंबरीबद्दल लिहिलं होतं. "यातली माणसं म्हणजे आम्हीच." आई म्हणाली, "कसली गोष्ट आहे गं? सांग ना."

मी म्हटलं, "तुला नाही कळायचं."

एवढंच. त्यात काय! घरोघरी मुली आयांना म्हणतात.

तिने त्यानंतर मला काही विचारलं नाही. मी समजले, विसरली. ती दुपारी, आम्ही कामावर असताना, ग्रंथालयात जात होती. वाचनकक्षात शब्दकोश साखळीने बांधून ठेवलेला आहे, अजून तोच. कुणाकडून अक्षरं शिकली? कुणाला ठाऊक. चौकट, रुमाल, उधार. एक एक शब्द. आणि घरात पदवीधर, कॉन्व्हेंटची, इंग्रजीत शिव्या देऊ शकणारी मुलगी! हिला नाही विचारलं. का नाही विचारलं ते मला कळत नाही.

कळतं. पण ते लिहीत नाही.


रविवार, १६ मार्च

हे मात्र खरंच कळत नाही. वाचायला शिकली, तर वाचण्यासाठी. लिहायला का शिकली? पत्रं लिहायला मी होते की. ती सांगायची, मी लिहायची. बारा वर्षं. तिच्या नावाने ताईला गेलेलं एकूण एक पत्र माझ्या हातचं.


सोमवार, १७ मार्च

समिती झाली. निर्णय: पुस्तक ग्रंथालयाचंच. नियम सगळ्यांना सारखा. खुणा खोडायच्या.

मी तोंड उघडायच्या आत ग्रंथपालबाई म्हणाल्या, "पण आधी बांधायला हवं. बाइंडरला तीन दिवस लागतील. मग तुम्ही सभासद व्हा. मी ते पंधरा दिवसांसाठी तुमच्या नावावर देते. खोडणं परत आल्यावर." आणि माझ्याकडे न बघता, "यापेक्षा जास्त मला करता येत नाही, बाई."

बाई म्हणाल्या मला, आजी नव्हे.

मी आभार मानले. त्या दचकल्या.


गुरुवार, २० मार्च

पुस्तक घरी आलं. पाठीला नवं कापड, नवी शिवण. कडा कापलेल्या नाहीत. बाइंडरला विचारलं तर म्हणाला, "मशीनचं पातं बोथट आहे." पातं त्याच्या शेजारीच होतं. चकचकीत.

शेवटपर्यंत वाचलं. टिपा दोनशे बाराव्या पानाला थांबतात. तिथे ती बाई खरंच ट्रंक घेऊन स्टेशनवर जाते. घड्याळवाला तिला सोडायला येतो. गाडी सुटते. तो हवेबद्दल बोलतो, गाडीच्या वेळेबद्दल बोलतो, जे बोलायचं ते सोडून सगळं बोलतो. तिथे आईने समासात लिहिलंय, इतकं दाबून की कागद फाटलाय –

"म्हण की. परत ये म्हण."

हेच वाक्य वाचून गेल्या महिन्यात मी ताईला माफ करायला निघाले होते. मला वाटलं होतं, ताई वाट बघतेय कुणीतरी म्हणावं म्हणून. आता वाटतं, आई त्या घड्याळवाल्याला म्हणत होती. मग वाटतं, नाही. त्याला नाही.

पुढची पानं कोरी आहेत. तिने पुढे वाचलं की नाही, कोण जाणे.

सून चहा घेऊन आली. पान बघून म्हणाली, "कोणाला म्हणतायत?" मी म्हटलं, तू चहा ठेव आणि जा. ती गेली नाही. बसली.


शुक्रवार, २१ मार्च

ताईला पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवते.

"ताई, आई दर पत्राला मला सांगायची, 'तिला लिही, परत ये.' मी ते एकदाही लिहिलं नाही. मला ते लाचार वाटायचं. आणि तू आलीस तर मी पुन्हा धाकटी होणार होते. त्या जागी मी लिहायची, 'इकडचं सगळं ठीक आहे, तू तुझं बघ.' तिला वाचून दाखवताना मात्र तिचं वाक्य वाचायची. पुढे ती स्वतः वाचायला लागली, हे मला माहीत नव्हतं. तिला केव्हा कळलं, तेही माहीत नाही. ती मला शेवटपर्यंत काही बोलली नाही. तुझ्यावर मी चाळीस वर्षं जो आरोप केला, तो खरा माझ्यावरचा आहे.

आता आईचं वाक्य लिहिते: परत ये.

येणार की नाही, ते कळव. फोन नको, फोनवर मी भांडेन. लेखी. पुस्तक चार एप्रिलपर्यंत माझ्याकडे आहे, त्यातलं तिचं अक्षरही तोवरच आहे. उत्तर त्याआधी पोचलं पाहिजे."